ही बाजू वर

ग्लॅडविन मिस्किटाने हा सर्व्हर लिहिला
तेव्हा तो दुसऱ्या कुणासाठी नव्हताच.
एकच फाइल, दोन हजार एकशे ओळी,
मरोळच्या या गाळ्यात, खिडकीकडच्या मशीनवर
साडेतीन वर्षं चालला.
कुणी बंद केला नाही.
बंद कसा करायचा, हे त्यात लिहिलंच नव्हतं.

आता तो विक्रोळीच्या टीमला हवाय, ठाण्यालाही.
साहेब म्हणाले, मॉड्यूल करून टाक, दोन दिवसांचं काम.
दोन दिवस नुसतं वाचण्यात गेले.
हा माणूस जागोजाग सांडलेला.
चाळिसाव्या ओळीत त्याच्या फोल्डरचा पत्ता:
होम, मग ग्लॅडविन, मग ‘नवीन’, मग ‘नवीन खरंच’.
तीनशे बाराव्या ओळीत, जुने लॉग पुसायचे रोज साडेसहाला,
कारण साडेसहाला तो घरी निघायचा,
चर्चमागच्या गल्लीतून, पायी.
आणि पोर्ट ४१२७.
का, ते कुठेच नाही.

तो आता मस्कतला असतो.
मेसेज केला. मध्यरात्री उत्तर आलं:
डॅडींच्या स्कूटरचा नंबर. लक्षात राहतो ना.

शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी होतात.
त्यांच्या मशीनचा ठोका पडला
की माझ्या टेबलावरचा चमचा कपात वाजतो.
खाली चहाला घाणेकर भेटले, नखांत वाळलेला डिंक.
मी काय करते ते सांगून पाहिलं.
म्हणाले, म्हणजे आत काय जाणार ठाऊक नसताना खोका करायचा.
आमचंच की हो.
माप त्यांना विचारा, आपलं लादू नका.
आणि पिन बाहेर ठेवू नका,
उघडणाऱ्याच्या बोटाला लागते.

वर येऊन पिना मोजायला बसले.
सगळ्यात मोठी ही:
नुसता आत आणला, तरी सर्व्हर आपला आपण सुरू,
पाहुण्यांकडे नेलेलं पोर
चपला काढायच्या आत फ्रिज उघडतं, तसा.
त्याला सांगितलं, थांब. हाक मारली की ये.
नुसतं नाव कानावर पडलं म्हणून धावायचं नाही.
मग थांबायला शिकवलं:
हातातली विनंती पुरी कर,
नव्याला नाही म्हण,
दार लावून घे.
अकरा ओळी. अख्खा बुधवार.

फोल्डर तुमचा तुम्ही सांगा. वेळ तुम्ही सांगा.
जिथे जिथे ग्लॅडविन होता तिथे एक मोकळी जागा केली
आणि जागेला नाव दिलं.
पुसताना वाईट वाटलं का?
‘नवीन खरंच’ पुसताना, थोडं.

कोऱ्या मशीनवर लावून पाहिला.
पडला.
एक ओळ नजरेतून सुटली होती,
त्या ओळीतून तो अजून
मस्कतला गेलेल्या माणसाच्या दाराची कडी वाजवत होता.
ती काढली.
पुन्हा लावला.
या खेपेस काही न बोलता उभा राहिला, हाकेची वाट बघत.

उरला डिफॉल्ट.
म्हणजे कुणी काहीच सांगितलं नाही तर काय करायचं, ते.
सगळे टाकतात तसा ८०८० टाकला.
कपात चमचा वाजला.
खोडला.
४१२७ लिहिलं,
आणि व्हर्जन शून्य पूर्णांक एक म्हणून पाठवून दिलं.
सोबतच्या कागदावर चारच ओळी:
कसा आणायचा, कसा सुरू करायचा,
कसा थांबवायचा,
आणि वरची बाजू कुठली.

शुक्रवारी विक्रोळीहून कुणा ऐश्वर्या धुरूचा मेसेज,
चालला, पहिल्याच फटक्यात.
पण हे ४१२७ काय आहे?

बराच वेळ टाइप केलं, पुसलं.
मग एवढंच पाठवलं:
बदलता येतो.